पुरात भिजलेली जुनी एमपीएफआय गाडी पुन्हा पुन्हा बंद पडते? सेन्सर बदलण्याआधी जोडण्या तपासा

गाडी पुरात भिजली, गॅरेजमधून धुऊन-वाळवून आली, ऑइल बदललं, सुरूही झाली. खरा त्रास त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी सुरू होतो. सकाळी पहिल्या सेल्फला इंजिन घेतं, पण वीसेक मिनिटं चाललं की सिग्नलला बंद पडतं. थोडं थांबून सेल्फ मारला की पुन्हा सुरू. कधी मिसिंग, कधी पिकअप नाही, कधी चेक इंजिनचा दिवा लागतो आणि आपोआप विझतो. स्कॅनर लावला की एखाद्या सेन्सरचा कोड मिळतो. सेन्सर बदलतात, आठवडाभर गाडी बरी चालते आणि परत तेच. मग पेट्रोल पंप बदलतात, मग इग्निशन कॉइल. शेवटी कुणीतरी म्हणतं, ‘ईसीएम (इंजिन सांभाळणारा संगणक) गेला.’ जुन्या बाजारातून दुसरा ईसीएम आणून बसवला, तरी पहिल्याच दमट सकाळी गाडी जागची हलत नाही.

२००० च्या सुमारास आपल्याकडे कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टरने पेट्रोल देणारी प्रणाली) आलं, तेव्हाच्या आणि पुढच्या काही वर्षांच्या गाड्या माझ्या डोळ्यांसमोर आहेत: मारुती ८००, झेन, एस्टीम, सँट्रो, पहिली वॅगन आर. यांत एक ईसीएम, मोजके सेन्सर आणि तुलनेने साधं वायरिंग असतं. चांगला मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प आणि चिकाटी असेल तर दोष सापडतोच. पण शोध योग्य जागी हवा. पाण्यात बुडालेल्या गाडीत सेन्सरपेक्षा जोडण्या आधी जातात, आणि अर्धवट गेलेली जोडणी ओहममध्ये (विजेच्या अडथळ्याचं माप) मोजून सापडत नाही. तिच्यातून करंट वाहत असतानाच ती मोजावी लागते. पुढचं सगळं या दोन गोष्टींवर उभं आहे.

पाणी ओसरल्यावर आत काय चालतं

तांबं नुसत्या पाण्याने इतक्या लवकर खात नाही. पाण्याला बॅटरीची जोड मिळाली की मात्र वेगळा प्रकार सुरू होतो. एका कपलरमध्ये (वायरी एकमेकींना जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडात) शेजारीशेजारी दोन पिना आहेत, एकीला कायम १२ व्होल्ट, दुसरीला अर्थ (बॅटरीच्या मायनसकडे जाणारी वाट), आणि मध्ये चिखलाच्या पाण्याचा पातळ थर. त्या थरातून थोडासा करंट वाहत राहतो आणि पॉझिटिव्ह बाजूच्या पिनचा धातू विरघळून पाण्यात उतरतो. यालाच विद्युत-अपघटन म्हणतात. गाडी बंद, चावी घरात, तरी हे रात्रंदिवस चालू असतं. मागे उरते ती हिरवी-निळी भुकटी आणि सुईसारखी बारीक झालेली पिन.

म्हणून गाडी पाहायला घेतली की मालकाला माझा पहिला प्रश्न हा असतो: पाणी ओसरल्यावर बॅटरी कधी काढली? त्याच दिवशी मायनस सोडला असेल तर निम्मं नुकसान टळलेलं असतं. आठ-दहा दिवस बॅटरी जोडूनच ठेवली असेल, तर चावी बंद असतानाही ज्या पिनांना १२ व्होल्ट असतात त्या सगळ्या संशयित धरायच्या. ईसीएमची मेमरी जपणारी वायर, मेन रिलेची (ईसीएमला वीज जोडणाऱ्या स्विचची) ३० क्रमांकाची पिन, फ्यूज बॉक्सला बॅटरीकडून येणारी जाड वायर, अल्टरनेटर आणि सेल्फवरची जोडणी. पहिली उघडायची ती हीच ठिकाणं. चावी लावल्यावरच वीज मिळणाऱ्या वायरी त्यानंतर.

पाणी कोणतं होतं हेही विचारून घ्यावं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा समुद्राला भरती होती. खाडीकाठी उभ्या गाड्यांमध्ये शिरलेलं पाणी खारं किंवा मचूळ असण्याची शक्यता होती, आणि खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं, त्यामुळे पिना फार लवकर खातं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात पाणी दिवसेंदिवस साचून राहिलं. तिथे कार्पेटखालचं नमदं आणि त्याखालून जाणारं वायरिंग ही मोठी अडचण. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि ओसरताना गाळ ठेवून गेलं. कपलरच्या आत वाळलेला गाळ दिसायला निरुपद्रवी माती, पण हवेतला दमटपणा धरून ठेवतो. ऑक्टोबरच्या उन्हात ती गाडी ठणठणीत असते आणि जूनमध्ये पहिल्या सरीला रुसते, त्याचं कारण हा गाळ.

दुसरी गोष्ट वायरीच्या आत घडते. मोटारीची वायर बारीक तारांच्या जुडग्याची असते आणि तारांमधल्या फटींतून पाणी केशाकर्षणाने वर चढतं. पिनजवळ शिरलेलं पाणी प्लास्टिकच्या आवरणाखालून वीतभर किंवा त्याहूनही पुढे जातं. बाहेरून वायर नवीकोरी, सोलली की आतलं तांबं काळं. या काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही, हीच त्याची खूण.

तिसरी गोष्ट पिनांच्या मुलाम्याची. बहुतेक पिना पितळेच्या किंवा तांब्याच्या मिश्रधातूच्या असतात आणि त्यांच्यावर कथलाचा पातळ थर असतो. आपल्या घरच्या पितळी पातेल्याला कलई करायचे, तसाच. कलई उडालेल्या भांड्यात ताक जसं कळकतं, तसंच इथेही होतं: थर गेला की उघड्या धातूवर हिरवं धरायला वेळ लागत नाही. म्हणून पिना पॉलिश पेपरने घासून चमकवणाऱ्याला हात जोडून थांबवावंसं वाटतं. घासल्यावर गाडी त्या दिवशी सुरू होते, पण उरलेली कलई गेलेली असते आणि पुढच्या पावसात तीच पिन पुन्हा बिघडते. ‘दुरुस्त होते आणि परत बिघडते’ या तक्रारीमागे ही घासाघीस मी वारंवार पाहिली आहे.

शून्य ओहम दाखवूनही वायर निकामी

आता मोजमाप. मल्टिमीटर ओहमवर ठेवून वायरीच्या दोन टोकांना लावला, शून्याच्या आसपास आकडा आला, बीप वाजली, म्हणून वायर चांगली असं ठरवणं पुराच्या गाडीत धोक्याचं आहे. ओहम मोजताना मीटर वायरीतून अगदी किरकोळ करंट सोडतो. दहा तारांपैकी एक तार शाबूत असली तरी तेवढा करंट आरामात जातो. पेट्रोल पंपाला मात्र साधारण ४ ते ५ अँपिअर लागतात. जोडणीत फक्त अर्धा ओहम अडथळा असेल तर ५ अँपिअरला २.५ व्होल्ट तिथेच संपतात. आणि मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा ०.२-०.३ ओहम असतो, त्यात हा अर्धा ओहम बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

यावर उपाय व्होल्टेज ड्रॉप मोजण्याचा. काम करत असलेल्या सर्किटमध्ये, वायरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती व्होल्ट हरवतात ते बघायचं. पंपाचंच उदाहरण घ्या. पंप चालू ठेवा. मीटर डीसी व्होल्टवर, काळी टोचणी थेट बॅटरीच्या मायनस खुंटीवर (क्लॅम्पवर नको, खुंटीवर), लाल टोचणी पंपाच्या कपलरमधल्या अर्थच्या पिनला मागच्या बाजूने. येईल तो आकडा अर्थच्या बाजूचा तोटा. मग एक टोचणी बॅटरीच्या प्लसवर, दुसरी पंपाच्या प्लस पिनवर: हा फीडच्या, म्हणजे वीज येण्याच्या बाजूचा तोटा. पंपासाठी दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टपर्यंत मी चालवून घेतो. त्यापुढे जागा शोधायची. टोचणी एकेक जोडणी अलीकडे आणत जा. आकडा जिथे एकदम पडतो तिथे दोष.

टोचणीने वायरीचं आवरण भोसकू नका. त्या भोकातून पाणी शिरून पुढच्या वर्षी तिथेच काळं तांबं मिळतं. कपलरच्या मागून बारीक टाचणी सरकवून मोजता येतं.

चिपळूणच्या पुरातून आलेल्या एका हॅचबॅकमध्ये पंप नवा होता, रिले नवा होता, फिल्टर नवा होता. गरम झाली की बंद, निवली की सुरू. ओहममध्ये सगळं वायरिंग निर्दोष. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट आणि पंपाच्या कपलरवर १०.२. म्हणजे ३.७ व्होल्ट वाटेत कुठेतरी जात होते. फीडच्या बाजूला ०.४ सापडले, उरलेले ३.३ अर्थच्या बाजूला. मागच्या भागात कार्पेटखाली बॉडीला कसलेलं अर्थचं थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) होतं. बोल्ट चकचकीत, थिंबलही स्वच्छ. कुणीतरी ते आधीच घासून परत कसलेलं दिसत होतं. दोष थिंबल वायरीला जिथे दाबून बसवलेलं असतं, त्या नळीच्या आत होता. तिथलं तांबं काळं. पंप ४ अँपिअर घेत होता आणि ३.३ व्होल्ट त्या एका जागी पडत होते, म्हणजे १३ वॉटची उष्णता एवढ्याशा नळीत. बोटाला चटका बसत होता. तापली की पकड सैल, अडथळा वाढतो, पंपाचा दाब पडतो, इंजिन बंद. निवली की पुन्हा सुरू. काळी वायर कापून काढली, नवं थिंबल दाबून बसवलं, तोटा ०.०५ व्होल्टवर आला. बदललेला जुना पंप बहुधा चांगलाच असावा.

जिथे काही चालू करून मोजणं शक्य नसतं तिथे हेडलाइटचा बल्ब वापरा. ५५ वॉटचा दिवा १२ व्होल्टला साडेचार अँपिअरच्या आसपास घेतो, म्हणजे जवळपास पंपाएवढाच. पंपाचं कपलर काढून तिथे हा दिवा लावला आणि तो पिवळा, मिणमिणता पेटला तर मीटरचीही गरज नाही. ईसीएमच्या फीड आणि अर्थच्या वायरींना, ईसीएमचं कपलर काढून ठेवून, २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब पुरे. सेन्सरच्या वायरींवर किंवा ईसीएमच्या आउटपुटवर मात्र बल्ब कधीही लावू नका; आतला ट्रान्झिस्टर जळेल.

कोणत्या क्रमाने जायचं

बॅटरी आधी. उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास, सेल्फ मारताना १० च्या खाली फार जाऊ नये, चालू इंजिनवर १३.८ ते १४.४. अल्टरनेटरही पाण्यात होता हे विसरू नका. व्होल्टेज वरखाली नाचत असेल तर पुढची सगळी मोजमापं फसवी.

मग अर्थ. बॅटरी ते बॉडी, बॉडी ते इंजिन, इंजिन ते गिअरबॉक्स आणि ईसीएमचे स्वतःचे अर्थ. सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या मायनस खुंटीपासून इंजिनच्या धातूपर्यंत ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त तोटा नको. ईसीएमच्या अर्थच्या पिनेवर इंजिन चालू असताना ०.१ व्होल्टच्या आत हवं. ते मोजताना हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर एकेक चालू करा. दिवा लावल्यावर ईसीएमच्या अर्थवरचा आकडा उसळला तर ती वाट कुठेतरी सामाईक आणि खराब आहे. अशा गाडीत रात्री दिवे लावल्यावरच आयडलिंग डळमळतं आणि मेकॅनिक थ्रॉटल बॉडी साफ करत बसतात.

रिले आणि फ्यूज यांची परीक्षा घेत बसण्यात मला अर्थ वाटत नाही. पाण्यात गेलेले सगळे बदला. रिलेचं झाकण हवाबंद नसतं, आत पाणी गेलेलं असतं आणि पॉइंटवर बसलेला थर बाहेरून दिसत नाही. खर्च किरकोळ. पण रिलेच्या खालचं सॉकेट मात्र नीट बघा, कारण नवा रिले जुन्या खाल्लेल्या पिनेत बसवला तर काहीच साधलं नाही. फ्यूज बॉक्सच्या आतल्या पट्ट्यांवर हिरवं असेल तर पूर्ण बॉक्स बदलणं बरं. वारंवार उडतो म्हणून मोठ्या अँपिअरचा फ्यूज घालू नका. पेट्रोलच्या गाडीत तापलेली वायर म्हणजे आगीला आमंत्रण.

चावी ऑन केल्यावर मागून दोन-तीन सेकंद पंपाची घरघर आली पाहिजे. येत नसेल तर आधी मेन रिले ओढला जातो का बघा. मेन रिलेने ईसीएमला वीज दिली नाही तर पंप, इंजेक्टर, स्पार्क सगळंच बंद, आणि अशा वेळी स्कॅनरही जोडला जात नाही. ‘स्कॅनर बोलत नाही म्हणजे ईसीएम गेला’ हा निष्कर्ष बहुतेक इथूनच निघतो. ईसीएमच्या कपलरवर बल्ब लावून फीड आणि अर्थ दोन्ही सिद्ध केल्याशिवाय ते मान्य करू नका.

स्कॅनरबद्दल एक लक्षात ठेवा. भारत स्टेज ४ या प्रदूषण-नियमांच्या गाड्यांना ओबीडी-१ (दोष स्वतः नोंदवणारी यंत्रणा) एप्रिल २०१० पासून आणि ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून आलं. त्याआधीच्या गाडीला मोबाइलवर चालणारा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर लागला नाही तर दोष गाडीचा समजू नका. जुन्या सुझुकी इंजेक्शन प्रणालीत डायग्नोसिस कपलरमधल्या ठराविक पिना जोडल्या की चेक इंजिनचा दिवा लुकलुकून कोड सांगतो, १२ आला म्हणजे दोष नोंदलेला नाही. पण पिना मॉडेलप्रमाणे बदलतात, आपल्या गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल हातात असल्याशिवाय तारा जोडू नका.

कोड कसा वाचायचा हे पुराच्या गाडीत फार महत्त्वाचं. एकाच वेळी थ्रॉटल पोझिशन आणि मॅप (इंजिनच्या हवेच्या नळीतला दाब मोजणारा), असे दोन-तीन सेन्सरचे कोड आले तर ते सगळे एकदम मेलेले नसतात. त्यांना ईसीएमकडून एकच ५ व्होल्टचा पुरवठा असतो. कोणत्याही एका कपलरमध्ये तो पुरवठा चिखलातून अर्थकडे गळला की सगळ्यांचेच आकडे बिघडतात. चावी ऑन करून ५ व्होल्टच्या पिनेवर मीटर ठेवा आणि सेन्सरची कपलर एकेक करून काढा. ज्याचं काढल्यावर आकडा उडी मारून ५ वर येतो, तिथे बघा. एकही काढून फरक पडला नाही तर वायरिंगमध्ये किंवा ईसीएममध्ये.

पाण्यामुळे दोन अगदी उलट दोष होतात हे इथे नीट समजून घेतलं पाहिजे. पिन खाल्ली की वाटेत अडथळा वाढतो. गाळ साचला की दोन पिनांमध्ये चोरवाट तयार होते. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या तापमानाचा सेन्सर घ्या. २० अंशांना तो साधारण अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास दाखवतो. खाल्लेल्या पिनेने त्यात पाचशे ओहमची भर घातली तर ८० अंशांवरचं इंजिन ईसीएमला जेमतेम ५० अंशांचं वाटतं. मग तो पेट्रोल जास्त सोडत राहतो: काळा धूर, काळे प्लग, ॲव्हरेज पडलेलं. उलट त्याच कपलरमध्ये गाळातून गळती असेल तर थंड इंजिन गरम भासतं आणि सकाळी सेल्फवर सेल्फ मारावे लागतात. सेन्सर दोन्ही वेळा निर्दोष. हीटर असलेल्या चार वायरींच्या ऑक्सिजन सेन्सरमध्ये गळती आणखी त्रास देते, कारण त्याचा सिग्नल ०.१ ते ०.९ व्होल्ट एवढाच असतो आणि शेजारच्या पिनेवर हीटरचे १२ व्होल्ट. तिथून थोडं जरी झिरपलं तरी ईसीएमला मिश्रण घट्ट वाटतं, तो पेट्रोल तोडत जातो आणि गाडी चढावर दम टाकते. अशी गळती शोधायला मात्र ओहमचा मीटर कामाचा आहे: बॅटरी सोडलेली, कपलर दोन्ही टोकांना काढलेलं, आणि शेजारच्या पिनांमध्ये मीटरने काहीही दाखवता कामा नये.

इंजेक्टरच्या एका पिनेवर चावी ऑन असताना १२ व्होल्ट हवेत, दुसरी बाजू ईसीएम अर्थ करून सोडतो. कपलर काढून तिथे एलईडीचा टेस्टर लावून सेल्फ मारला की तो लुकलुकला पाहिजे. एकही लुकलुकत नसेल तर सामाईक फीड किंवा क्रँक सेन्सरचा (इंजिन फिरतंय हे ईसीएमला सांगणाऱ्या सेन्सरचा) सिग्नल. एकच गप्प असेल तर त्याच वायरीचा दोष. अशा इंजेक्टरची गुंडाळी बहुधा १२ ते १६ ओहमच्या दरम्यान असते, सगळे जवळपास सारखे हवेत. इथे एक धोका आहे. ईसीएमकडून येणारी इंजेक्टरची वायर ओल्या गाळातून किंवा सोललेल्या जागी बॉडीला टेकली तर इंजेक्टर उघडाच राहतो आणि सिलिंडरमध्ये पेट्रोल भरत जातं. ऑइलच्या काडीला पेट्रोलचा वास आला किंवा एकच प्लग ओलाचिंब निघाला तर सेल्फ मारू नका. प्लग काढून सिलिंडर मोकळा केल्यावरच पुढे जा.

नंतर जोडलेल्या वस्तू

आपल्याकडच्या जुन्या गाडीत कंपनीच्या वायरिंगइतकंच नंतर जोडलेलं वायरिंग असतं, आणि माझ्या अनुभवात पुरानंतर पहिला दगा तेच देतं. सीएनजी किंवा एलपीजीचं किट असेल तर पेट्रोलचे इंजेक्टर बंद करण्यासाठी त्यांच्या वायरी तोडून मध्ये एम्युलेटर (इंजेक्टर चालू असल्याचं ईसीएमला भासवणारं उपकरण) जोडलेला असतो. पंपाच्या वायरीत रिले घातलेला असतो. या जोडण्या पुष्कळदा नुसत्या पीळ देऊन, वर टेप गुंडाळून केलेल्या असतात. टेपच्या आत पाणी महिनोन्‌महिने टिकतं. गॅसवर गाडी चांगली आणि पेट्रोलवरच मिसिंग, असं असेल तर ईसीएमकडे बघण्याआधी हे एम्युलेटरचं वायरिंग उघडा. तपासापुरतं किट पूर्ण बाजूला काढून मूळ वायरी सरळ जोडल्या तर दोष कोणाचा ते तासाभरात ठरतं. हाताळणी किटवाल्याकडूनच करून घ्या, गॅसच्या नळ्यांना स्वतः हात लावू नका.

सेंट्रल लॉकबरोबर आलेला अलार्म, इंजिन बंद करणारा त्याचा रिले, जास्तीचे दिवे, म्युझिक सिस्टीम: यातलं जे लागत नाही ते कायमचं काढून मूळ वायर नीट जोडून टाका. एअरबॅग असलेल्या गाडीत पिवळ्या कपलरना आणि वायरींना मीटर किंवा बल्ब अजिबात लावायचा नाही.

ईसीएम उघडायचा कधी

फीड, अर्थ, ५ व्होल्ट आणि क्रँक सेन्सर निर्दोष ठरल्यावर. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो डॅशबोर्डखाली असतो, त्यामुळे पाणी सीटपर्यंत आलं असेल तर तोही भिजला हे गृहीत धरा. बॅटरी सोडून, झाकण काढून आधी नुसतं बघा. पाण्याची रेघ कुठपर्यंत आली ते बोर्डावर दिसतं. कपलरच्या पिनांच्या मुळाशी हिरवं, कपॅसिटरच्या पायाशी काळपट डाग, तांब्याच्या रेषा मध्येच तुटलेल्या, या खुणा. नुसता गाळ असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ करून पूर्ण वाळवला की ईसीएम अनेकदा चालतो. कपॅसिटर आणि तुटलेल्या रेषा जाणकार इलेक्ट्रॉनिक्सवाला दुरुस्त करू शकतो. रेषा बोर्डाच्या आतल्या थरात तुटल्या असतील तर मात्र नाद सोडावा.

जुना ईसीएम घेताना त्यावरचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत दुसऱ्या गाडीचा ईसीएम चावी ओळखत नाही आणि इंजिन सुरू होत नाही किंवा लगेच बंद पडतं. ते कोडिंग करून घ्यायची सोय आधी बघा. आणि नवा ईसीएम जुन्या हिरव्या कपलरमध्ये बसवू नका.

दुरुस्ती टिकेल अशी

हिरवं धरलेली पिन साफ करण्यापेक्षा बदला. त्याच मापाच्या पिना आणि कपलर ऑटो इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतात. न मिळाल्यास भंगारातल्या, पण पाणी न लागलेल्या गाडीचं कपलर हातभर वायरीसकट कापून आणा. वायर मागे सोलत जा. तांबं लालसर, चकचकीत दिसेपर्यंत कापा. काळं कितीही लांब गेलेलं असो, ते ठेवून पुढे जोड देऊ नका. वेळप्रसंगी पूर्ण लांबी बदला. जोड योग्य पक्कडीने दाबून, वर आतून डिंक असलेली हीटश्रिंक नळी. काळी टेप केवळ वायरी एकत्र बांधायला. सगळे जोड एकाच जागी येऊ देऊ नका.

जी पिन फक्त मळलेली आहे ती काँटॅक्ट क्लीनर आणि नायलॉनच्या ब्रशने साफ होते. आधी गाळ स्वच्छ पाण्याने किंवा अल्कोहोलने धुवा, वाळवा, मग क्लीनर. डब्ल्यूडी-४० मारून गाळ तसाच आत ठेवला तर उपयोग होत नाही. कपलरचं रबर सील चिरलं असेल तर बदला, आणि शेवटी डायलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा हलका हात. याला एक अपवाद आहे: ऑक्सिजन सेन्सरच्या कपलरला ग्रीस लावू नका आणि त्याच्या वायरींना सोल्डरही करू नका. असे अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा स्वतःच्या वायरींच्या आतूनच घेतात, ती वाट बुजली की नवा सेन्सरही चुकीचं सांगतो.

कार्पेट आणि त्याखालचं नमदं गाडीबाहेर काढून वाळवा. वरून कोरडं लागतं आणि खालून पाणी पिळून निघतं, हे पुराच्या गाडीत नेहमीचं. नमद्याला वास येत असेल तर फेकून नवं घाला, कारण त्याखालूनच पंपाची वायर मागे जाते.

सगळं झाल्यावर इंजिन गरम करून आयडलिंगला ठेवा, स्प्रेच्या बाटलीने साध्या पाण्याचं धुकं एकेका कपलरवर आणि वायरिंगच्या वळणांवर मारा, वायरिंग हलक्या हाताने हलवत जा. प्लगच्या वायरींवर आणि कॉइलवर मारू नका, शॉक बसतो. इंजिन कुठे अडखळलं तर तिथे काम बाकी आहे. अडखळलं नाही तर पंपाच्या दोन्ही बाजूंचा तोटा, ईसीएमच्या अर्थचा तोटा आणि ५ व्होल्टचा आकडा एका कागदावर लिहून गाडीच्या कप्प्यात ठेवा. मे महिन्यात हेच चार आकडे पुन्हा मोजा. अर्थवरचे ०.०५ व्होल्ट ०.१५ झालेले दिसले तर ती जोडणी पावसाच्या आधीच उघडा; तेव्हा ती अर्ध्या तासाचं काम असते.